बाळगोंडाच्या नावचं रक्त

“बाळगोंडा आदगोंडा पाटील!”

लॅबच्या माणसानं यादीतलं नाव पुकारलं आणि मी उठलो.

माझं नाव अंकुश मगदूम. सकाळी साडेनऊला त्याच टेबलावर, त्याच माणसापुढं मी माझ्या नावानं रक्त देऊन गेलो होतो. तेव्हा डावा हात पुढं केला होता, आता उजवा केला. अंगात बाळगोंडाचा शर्ट होता. बाळगोंडा म्हणजे दाराएवढा गडी. त्याच्या शर्टात मी आणि आणखी एक माणूस सहज मावलो असतो. मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं, “बाळू, लईच वाळलास की रं!” आणि सगळं कॅन्टीन खिदळलं. लॅबच्या माणसानं मानसुद्धा वर केली नाही. त्याला तीन वाजायच्या आत सत्तर नळ्या भरायच्या होत्या. त्यानं दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई टोचली, नळीवर बाळगोंडाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली आणि एक केळं आणि बिस्किटाचा पुडा माझ्यापुढं सारला.

बाळगोंडा स्टोअरच्या मागं रिकाम्या पिंपांच्या सावलीत बसून होता. मी त्याचा शर्ट आणि बिस्किटाचा पुडा त्याच्या मांडीवर टाकला.

“दुखलं का रं?” त्यानं विचारलं.

“तुला काय करायचंय? टोचलं मला, बिस्किटं तुला.”

“नाव माझं हाय की मर्दा. बिस्किटं नावाला असत्यात,” असं म्हणून त्यानं पुडा फोडला आणि अर्धी बिस्किटं माझ्या हातावर ठेवली.

हे आमचं सलग तिसरं वर्ष होतं. मैत्रीसाठी रक्त सांडायच्या गप्पा सगळेच मारतात. मी खरोखर सांडत होतो, वर्षातून एकदा आणि वर केळं घेऊन. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा. आज आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारावीशी वाटते.

आमची कंपनी कुपवाडच्या एमआयडीसीत होती. बिस्किटांच्या, शाम्पूच्या, शेवचिवड्याच्या पुड्यांवर रंगीत छपाई व्हायची. मी स्टोअरला होतो, आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला. बाळगोंडा रोलर धुवायच्या खोलीत. छपाई झाली की रोलरवरची शाई काढायला तिथं थिनरची बादली भरलेली असायची. फडकं बादलीत बुडवायचं, पिळायचं आणि घासायचं. सगळं उघड्या हातांनी. त्या खोलीत अकरा माणसं होती आणि एक पंखा होता, तोही आतली हवा आतच फिरवायचा. आम्ही दोघं समडोळीचे, एका वर्गातले. रोज जोडीनं सायकली मारत यायचो. परतताना त्याच्या अंगाला तो गोडसर उग्र वास यायचा. मी चेष्टेनं म्हणायचो, बाळू, तुझ्याजवळ कोणी काडी ओढली तर गावाला उजेड पडेल.

रक्ताची ही युक्ती आमची नव्हती. ती अण्णांची. दिगंबर अण्णा शेडबाळे, रोलर धुण्याच्या विभागाचे सुपरवायझर. साहेबलोकांतले नव्हेत, आमच्यातलेच. तरुणपणी त्यांनीही तेच रोलर घासलेले, मग बढती मिळत गेली. कोणाच्या घरी बारसं असो की मयत, अण्णा हजर. बाळगोंडाला कामाला लावलं त्यांनी, मलाही त्यांनीच. कंपनीत दरवर्षी रक्त तपासायचा नियम होता. बाळगोंडाचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा अण्णांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं.

“रक्त जरा कमी आलंय. अशक्तपणा हाय, दुसरं काय न्हाई. गूळ-शेंगदाणं खा,” ते म्हणाले. “पण वरच्यांनी बघितलं तर अनफिट म्हणतील. आन् कंत्राटी माणसाला अनफिट म्हंजे सरळ गेटाबाहेर. फुडच्या वर्साला दुसऱ्या कुणाला तरी बसव. त्यो लॅबवाला नाव इचारतोय, तोंड बघत न्हाई.”

आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “ह्यो अंकुश हाय की. लालबुंद गडी!”

धुण्याच्या खोलीतल्या आणखी तिघाचौघांचं असंच चालायचं. दुसऱ्याच्या नावानं रक्त देणाऱ्याला आमच्यात ‘पाहुणा’ म्हणत. तपासणीच्या दिवशी पाहुण्याला मान असायचा. बाळगोंडाची बायको पद्मावती माझ्यासाठी शेंगाची पोळी आणि तुपाची वाटी पाठवायची. अण्णांनी आपल्याला वाचवलं, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाळगोंडाच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. दंडावर, पोटऱ्यांवर काळेनिळे डाग. कुठं आपटलास म्हणून विचारलं तर म्हणायचा, कुठंच न्हाई. मग ताप आला आणि उतरेचना. मिरजेच्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी डॉक्टरांनी पद्मावहिनींना आणि मला खोलीत बसवून सांगितलं, रक्ताचा कॅन्सर आहे.

डॉक्टरांनी विचारलं, “काम काय करतात?”

मी सांगितलं. थिनर म्हटल्यावर त्यांनी लिहायचं थांबवलं. “त्या पिंपावर काय लिहिलंय ते उतरवून आणा. असल्या थिनरमध्ये पुष्कळदा बेंझिन असतं. वर्षानुवर्षं श्वासातून, कातडीतून ते अंगात गेलं तर रक्त तयार होतं तिथंच घाव बसतो. कारखान्यात रक्त तपासत नव्हते?”

“तपासायचे की,” वहिनी म्हणाल्या. “दर वर्साला. चांगलं यायचं.”

“मागच्या वर्षीसुद्धा?”

“व्हय. तीन वर्सं चांगलं.”

डॉक्टरांना नवल वाटलं. “बरेचदा आधीपासून रक्तात फरक दिसतो. ती तपासणी त्याच्यासाठीच असते. दिसलं असतं तर तेव्हाच त्या कामावरून हलवलं असतं.”

“हलवलं असतं तर हे झालं नसतं?” मी विचारलं.

“ते छातीठोक सांगता येत नाही. प्रत्येकाला होतं असंही नाही. पण एक संधी मिळाली असती.”

बाहेर व्हरांड्यात आल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. शेंगाची पोळी कशासाठी असते ते त्यांना नीट ठाऊक नव्हतं, ‘अंकुशनं माझ्या बदल्यात जरा काम केलं’ एवढंच बाळगोंडानं घरात सांगितलेलं. मला वाटलं त्या मला चार शिव्या घालतील. घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मग म्हणाल्या, “भावजी, हे सरकारी साहेबास्नी सांगाय पायजे.”

वहिनी दोन दिवसांत आपल्या सातवी शिकलेल्या पोरीकडून अर्ज लिहून घेऊन सरकारी कारखाना निरीक्षकांच्या कचेरीत देऊन आल्या. तिथल्या निरीक्षक बाईंनी त्यांचं नीट ऐकून घेतलं आणि सांगितलं, कंपनीचे कागद स्वच्छ आहेत. गेली तीन वर्षं रक्त नॉर्मल. ज्याच्या नावावर रक्त आहे तो आणि ज्यानं ते दिलं तो, दोघंही माझ्यापुढं एकच बोलले तर मला पुढं जाता येईल. मग भरपाईही मिळेल आणि ती धुण्याची खोलीही मी बंद करीन. नाहीतर माझे हात बांधलेले आहेत.

वहिनी तडक आमच्या घरी आल्या. माझी बायको शालन चहा ठेवायला उठली, तर तिचे हात धरून म्हणाल्या, “चहा नको वैनी. भावजींना तेवढं बोलू द्या. आमाला दुसरं कोण न्हाई.”

त्या गेल्यावर शालन माझ्यावर तडकली. “पाण्यात राहून माशाशी वैर करणार? खोटं रक्त दिलं म्हणून तुम्हालाच आत टाकतील! नोकरी गेली तर आम्ही काय तुमच्या खरेपणाची आमटी करून खायची?”

तिचं चुकत नव्हतं. दोन दिवस माझा जीव वरखाली झाला. मग मी दवाखान्यात गेलो. बाळगोंडाचे केस गेले होते, गालफडं बसली होती. दाराएवढा गडी चादरीखाली दिसतसुद्धा नव्हता.

“बोलायचं का बाळू?” मी विचारलं.

“बोलू की,” तो म्हणाला. “आधी तू बोल, मागनं मी. त्या खोलीत अजून धा जणं हायत, अंकुश. त्येंचं तरी वाचंल.”

मी त्याच्या हातावर हात ठेवून शब्द दिला. त्यानं माझा हात दाबला. त्याच्या अंगात तेवढी ताकद उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

माघातल्या एका मंगळवारी निरीक्षक बाई कंपनीत आल्या. मॅनेजरच्या केबिनमध्ये बैठक. बाळगोंडाला रिक्षानं आणलं होतं. तोंडाला रुमाल बांधून तो खुर्चीत बसला, शेजारी वहिनी उभ्या. मॅनेजर, अण्णा आणि मी. अण्णांच्या कपाळावर घामाचा थेंबही नव्हता.

बाईंनी फाईल उघडून पहिल्या वर्षीचा रिपोर्ट वाचला, जो बाळगोंडाच्या स्वतःच्या रक्ताचा होता. “‘पांढऱ्या पेशी कमी. कामगारास रोलर धुण्याच्या कामावरून हलवावे. एक महिन्याने पुन्हा तपासणी करावी.’ खाली सही डी. बी. शेडबाळे. मिळाल्याची पोच.” त्यांनी मान वर केली. “हलवलं का नाही?”

मी अण्णांकडं बघतच राहिलो. अशक्तपणा. गूळ-शेंगदाणे. त्या माणसानं हा कागद वाचला होता, त्यावर सही केली होती आणि मग येऊन माझ्या पाठीवर थाप मारली होती.

“मॅडम, फुडचे रिपोर्ट बघा की,” अण्णा मऊ आवाजात म्हणाले. “ओळीनं तीन वर्सं नॉर्मल. मानूस सुधारला तर हलवायचा कशापायी?”

ते तीन रिपोर्ट माझे होते. माझ्या लालबुंद रक्ताची ढाल करून हा गृहस्थ उभा होता. घरातून ठरवून आणलेली वाक्यं सगळी विसरलो आणि उभा राहून बोलायला लागलो.

“बाई, ते रक्त माझं आहे. तिन्ही वर्षं मी दिलं, ह्याचा शर्ट घालून. आम्हाला हे शेडबाळे अण्णांनी शिकवलं. त्या खोलीतल्या आणखी तिघाचौघांचंही असंच आहे. मला काय शिक्षा करायची ती करा, पण ती खोली बंद करा.”

मॅनेजर ताडकन उठला. बाईंनी त्याला हातानं बसवलं. सगळं लिहून घेतलं आणि बाळगोंडाकडं वळल्या.

“पाटील, हे खरं आहे का?”

बाळगोंडानं रुमाल खाली केला. ओठ फुटले होते. त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, वहिनींकडंही नाही. टेबलाच्या पायाकडं बघत म्हणाला, “न्हाई बाई. माझंच रक्त हाय ते.”

मला वाटलं, आजारानं त्याला भान राहिलं नाही. मी म्हणालो, “बाळू, नीट ऐक, त्या विचारतायत की...”

“तुम्ही थांबा,” बाई मला म्हणाल्या आणि त्याच्याकडं वाकून सावकाश बोलल्या, “पाटील, तुम्हाला कोणाची भीती असेल तर मी ह्या सगळ्यांना बाहेर पाठवते. घाई करू नका. रक्त कोणी दिलं?”

“मीच दिलं. ह्यो अंकुश कवा बसला न्हाई माझ्या जागी.” तो थांबला, श्वास घेतला. “त्येचं आन् अण्णांचं वाकडं हाय. म्हणून बोलत असंल.”

केसानं गळा कापणं म्हणतात ते तोवर मला नुसतं बोलण्यापुरतं ठाऊक होतं. नुसतं ‘नाही’ म्हणाला असता तर मी समजलो असतो. पण त्यानं मला खोटा ठरवला आणि वर कारणही जोडून दिलं. माझं आणि अण्णांचं उभ्या जन्मात कधी वाजलं नव्हतं. मी वहिनींकडं बघितलं. त्या नवऱ्याच्या खांद्यावरची शाल सारखी करत होत्या.

दुसऱ्या दिवशी माझ्या हातात कागद पडला. सरकारी अधिकाऱ्यापुढं खोटं बोलून कंपनीची बदनामी केली म्हणून कामावरून कमी. खोटं रक्त तीन वर्षं दिलं तेव्हा केळं मिळालं, खरं एकदा बोललो तर हे. कॅन्टीनमध्ये त्या दिवशी खिदळणाऱ्या सत्तर जणांपैकी एकानंही काही पाहिलेलं नव्हतं. अण्णा गेटपर्यंत सोडायला आले. “गडबड केलीस गड्या,” म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरचा कळवळा होता, आणि तीच गोष्ट मला आजही सहन होत नाही.

चैत्रात बाळगोंडा गेला. मी मयतीला गेलो नाही. शालन एकटी जाऊन आली. ज्याच्याबरोबर पहिलीपासून सायकलीपर्यंत सगळं आयुष्य काढलं त्याला चार खांदे द्यायच्या वेळी मी घरात आढ्याकडं बघत पडलो होतो आणि मनातल्या मनात त्याला शिव्या देत होतो. रडू येत होतं ते रागाचं की दुःखाचं, मला आजही सांगता येणार नाही.

मग मी कुपवाडच्या रस्त्याला सायकल दुरुस्तीचं खोपटं टाकलं. जेमतेम चालायचं. श्रावणात एका संध्याकाळी एक बाई पंक्चर झालेली सायकल ढकलत आली. निळा ॲप्रन, आमच्याच कंपनीचा. मान वर केली तर पद्मावहिनी.

मी चाक काढायला घेतलं.

“कामाला लागलात?” मी विचारलं.

“व्हय. चार महिनं झालं.”

माझ्याच्यानं राहवेना. “वहिनी, बाळूनं असं का केलं माझ्याशी? मी त्याचं काय वाईट केलं होतं?”

“त्येंनी न्हाई केलं,” त्या म्हणाल्या. “मी करायला लावलं.”

त्या रस्त्याकडं बघत बोलत होत्या, पाठ केल्यासारख्या.

“आदल्या दिवशी अण्णा दवाखान्यात आलं. सफरचंदं घेऊन. म्हणालं, खरं बोलला तर खोटं रक्त दिल्याचा गुन्हा बाळूवर बी येनार. केस धा वर्सं चालंल, तवर बाळू ऱ्हातोय का? आन् खोटं बोलला तर वैनी, तुमाला कंपनीत कायमची जागा. दोन पोरी हायत भावजी. ह्ये न्हाईच म्हणत हुतं. अंकुशला तोंड कसं दावू म्हणून रडलं. मी पाया पडले त्येंच्या. तुमचं आन् अण्णांचं वाकडं हाय म्हणून सांगा, ह्ये बी मीच शिकवलं. नुसतं न्हाई म्हटल्यावर त्या बाईला पटलं नसतं.”

“अहो, पण मला तरी सांगायचं!” मी ओरडलोच. “एक शब्द सांगितला असता तर मी गप्प बसलो असतो. तुमचंही झालं असतं, माझीही नोकरी राहिली असती!”

“अण्णा म्हणालं, त्येला कळू देऊ नका. अंकुश बोलला तरच त्येला काढता येतंय. त्यो गेला तरच जागा हुतीया.”

आमच्या उंबऱ्यात येऊन शालनचे हात धरणारी ही बाई. मला चढवून दिलं, तोंडघशी पाडलं आणि माझ्याच जागेवर जाऊन बसली. तोंडात शिवी आली होती. ती घालायचीच म्हणून मी मान वर केली.

“मग काय, स्टोअरला बसता आता? माझ्या खुर्चीत?”

“तसंच ठरलं हुतं,” त्या म्हणाल्या. “मागनं अण्णा म्हणालं, स्टोअरला शिकलेलं मानूस लागतंय. तवर रोलर धुवा म्हणालं. दोन-तीन वर्सं. मग पॅकिंगला घेतो म्हणालं.”

तेव्हा मी त्यांच्या हातांकडं बघितलं. सायकलीच्या मुठीवर ते दोन्ही हात पांढरेफटक पडले होते, बोटांची सालं निघाली होती. वाऱ्याची झुळूक आली आणि तो गोडसर उग्र वास माझ्यापर्यंत पोचला.

शिवी तोंडातच राहिली. मी म्हणालो, “हातमोजे तरी मागून घ्यायचे, वहिनी.”

“मागितलं की,” त्या म्हणाल्या. “अण्णा म्हणालं, बाळूनं तर कधी मागितलं न्हाईत.”